लोन एजंटला सरकारी लायसन्स असतं का? २४ हजार भरायच्या आधी हे वाचा

पत्र:

नमस्कार ताई, मी कराडजवळच्या एका गावातून लिहितेय. मिस्टरांचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, गेट, ग्रिल, शेडची कामं करतात. नवीन मशीन आणि थोडं लोखंड भरायला ८ लाख लोन पाहिजे होतं. बँकेत गेलो तर साहेब तोंडीच म्हणाले सिबिल कमी आहे, होणार नाही. मग मित्राच्या ओळखीने एक लोन एजंट भेटला, म्हणाला एका फायनान्स कंपनीकडून करून देतो. फाईल चार्ज म्हणून ९,५०० यूपीआयने घेतले, आधार, पॅनच्या कॉप्या आणि सह्या केलेले ३ कोरे चेक पण घेतले. आता व्हॉट्सॲपवर सँक्शन लेटर पाठवलंय आणि म्हणतो इन्शुरन्स आणि जीएसटीचे २४ हजार आधी भरा, दोन दिवसात पैसे खात्यात. मिस्टर भरायला तयार आहेत, मला मात्र भीती वाटतेय. या एजंट लोकांवर सरकारचं काही बंधन असतं का? लायसन्स कसं बघायचं? आणि अजून एक, माझा धाकटा भाऊ स्वतःच लोन एजन्सी सुरू करायची म्हणतोय, करू देऊ का त्याला?

उत्तर:

ताई, आधी सगळ्यात महत्त्वाचं. ते २४ हजार भरू नका. आज नाही, उद्या नाही, "निम्मे तरी टाका" म्हणाला तरी नाही. मिस्टरांना हे पत्र वाचून दाखवा हवं तर, पण पैसे जाऊ देऊ नका.

खऱ्या बँकेत किंवा खऱ्या फायनान्स कंपनीत प्रोसेसिंग फी असते, त्यावर १८ टक्के जीएसटी पण असतो, कधी इन्शुरन्सही असतो, हे खरंय, म्हणूनच असं सांगितलं की माणसाला पटतं. पण ती फी बँकेची असते, ती बँकेच्या खात्यात जाते आणि बऱ्याचदा कर्जाच्या रकमेतूनच कापून घेतात, त्याची पावती मिळते. एजंटच्या पर्सनल यूपीआयवर जीएसटी भरून लोन सुटतं असं कुठेच होत नाही. आणि एकदा २४ भरले की मग "आरबीआय क्लिअरन्स", मग "एनओसी", मग "स्टॅम्प ड्युटी" असं काहीतरी निघतंच, कारण आधी ९,५०० भरलेला माणूस ते वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे भरतो हे या लोकांना चांगलं माहीत असतं.

आता तुमचा प्रश्न, लायसन्स असतं का. ताई, नसतं. हे ऐकून तुम्हाला धक्का बसेल पण आपल्याकडे लोन एजंट, ज्याला बँकेच्या भाषेत डीएसए म्हणतात, त्याला स्वतःचं असं कुठलंही सरकारी लायसन्स लागत नाही. विमा एजंटला आयआरडीएआयच्या नियमाप्रमाणे परीक्षा द्यावी लागते, म्युच्युअल फंड विकणाऱ्याला एआरएन नंबर लागतो, शेअर ब्रोकरला सेबीकडे रजिस्ट्रेशन लागतं, अगदी वसुली करणाऱ्या रिकव्हरी एजंटला सुद्धा ट्रेनिंग आणि परीक्षा आहे. पण जो माणूस तुम्हाला आठ लाखांच्या कर्जात उतरवतो, ज्याच्या शब्दावर तुम्ही पाच-सात वर्षांचे हप्ते डोक्यावर घेता, त्याच्यासाठी असं काही रजिस्टर नाही जिथे तुम्ही नाव टाकून बघाल. मला ही मोठी उणीव वाटते आणि मी ते मोकळेपणाने सांगते. ऑस्ट्रेलियात २००९ च्या कायद्यापासून कर्ज जुळवून देणाऱ्या ब्रोकरला लायसन्स लागतं, किंवा लायसन्स असलेल्याच्या हाताखाली काम करावं लागतं, आणि १ जानेवारी २०२१ पासून तर घरकर्जाच्या ब्रोकरने ग्राहकाचं हित आधी बघायचं, स्वतःचं कमिशन नंतर, हे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे हे असंच झालं नाही, बँकांच्या गैरकारभाराची मोठी चौकशी झाली, २०१९ मध्ये रिपोर्ट आला, त्यानंतर झालं. आपल्याकडे पण कधीतरी व्हायला पाहिजे.

पण याचा अर्थ एजंटवर काहीच बंधन नाही असं नाही. आपला कायदा एजंटला सरळ पकडत नाही, तो एजंटच्या मागे उभ्या असलेल्या बँकेला पकडतो. रिझर्व्ह बँकेचा २००६ पासूनचा नियम आहे की बँकेने बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतलं तरी जबाबदारी बँकेचीच. एजंटने खोटं सांगितलं, जास्त पैसे घेतले, तर "तो आमचा माणूस नाही, बाहेरचा आहे" असं बँकेला म्हणता येत नाही. एनबीएफसी म्हणजे फायनान्स कंपन्यांना पण हाच नियम २०१७ मध्ये लावला. अजून एक गोष्ट त्यातच आहे, कर्ज द्यायचं की नाही हा निर्णय बाहेरच्या माणसाकडे देताच येत नाही, तो बँकेनेच घ्यायचा. म्हणजे जो एजंट म्हणतो "मी पास करून देतो, माझी आत सेटिंग आहे", तो एकतर खोटं बोलतोय किंवा काहीतरी बेकायदा करतोय. तिसरं काही नाही.

आणि बँकांच्या संघटनेने डीएसएसाठी जी आचारसंहिता केलीय त्यात तर स्पष्ट आहे की ग्राहकाकडून भेटवस्तू किंवा पैसे घ्यायचे नाहीत. एजंटचं पोट बँक भरते, कर्ज वाटप झालं की रकमेच्या काही टक्के कमिशन बँक त्याला देते. ऑनलाइन किंवा ॲपवरून मिळणाऱ्या कर्जाला तर आरबीआयने २०२२ मध्ये नियमच केला की मधल्या माणसाची फी बँकेने द्यायची, कर्जदाराकडून घ्यायची नाही, आणि कर्जाचे पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला पाहिजेत, मधल्या कुणाच्या खात्यातून फिरून नाही.

म्हणून लायसन्स शोधत बसू नका, मागे कुठली बँक किंवा कंपनी खरंच उभी आहे का ते शोधा. त्या सँक्शन लेटरवर ज्या कंपनीचं नाव आहे ते आरबीआयच्या वेबसाइटवर नोंदणी असलेल्या एनबीएफसींची यादी असते त्यात बघा, स्पेलिंगसकट, कारण नामांकित कंपनीच्या नावात एक शब्द इकडचा तिकडे करून लेटरहेड छापणं हा जुना प्रकार आहे. नाव यादीत सापडलं तरी एवढ्यावर विश्वास ठेवू नका, खऱ्या कंपनीच्या नावाने खोटं लेटर पण निघतं. त्या कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून नंबर घ्या, लेटरवरचा नंबर नाही बरं का, आणि फोन करून विचारा की या नावाने, या पॅनवर अर्ज आलाय का, हा माणूस तुमचा डीएसए आहे का, त्याचा कोड काय. जमलं तर सातारा किंवा कराडला त्यांची ब्रँच असेल तिथे दोघंही जाऊन या, समोरासमोर विचारलेलं बरं.

मग एक कागद मागा. की फॅक्ट स्टेटमेंट, केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या नव्या मुदत कर्जाला हा कागद सही करायच्या आधी द्यायलाच लागतो, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत. त्यात वर्षाचा एकूण खर्च टक्क्यात असतो, ज्याला एपीआर म्हणतात, म्हणजे नुसता व्याजदर नाही तर प्रोसेसिंग फी, इन्शुरन्स, लीगल असं सगळं धरून. जो चार्ज त्यात लिहिलेला नाही तो तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि तो वाचून विचार करायला कमीत कमी तीन कामाचे दिवस मिळतात, तेवढ्या काळात कंपनीला त्यातल्या अटी बदलता येत नाहीत. "आजच भरा नाहीतर सँक्शन कॅन्सल होईल" हे वाक्य म्हणूनच खोटं आहे. तुमचा एजंट हा कागद आणून देतो का बघा, मला शंका आहे, पण विचारल्यावर तो काय बोलतो त्यावरून मिस्टरांनाही उलगडा होईल आणि ते तुमच्यावर चिडणार नाहीत.

आता त्या कोऱ्या चेकांबद्दल, मला २४ हजारांपेक्षा याचीच जास्त काळजी वाटतेय. लोकांना वाटतं कोरा चेक आहे, रक्कम आपण लिहिलीच नाही तर काय होणार. तसं नाही ताई. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये म्हटलंय की सही करून स्वखुशीने दिलेला चेक, बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला तरी, कुठलं तरी देणं फेडण्यासाठीच दिलाय असं कोर्ट धरून चालणार आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सही करणाऱ्यावर. म्हणून उद्या सकाळी बँक उघडली की चेकबुक घेऊन जा, कुठले तीन नंबर गेलेत ते काउंटरवर बघा, स्टॉप पेमेंटचा लेखी अर्ज द्या आणि त्यात कारण लिहा की लोनसाठी म्हणून या व्यक्तीने कोरे घेतले, कुठलंही देणं नाही. पोचपावती घ्या. एजंटला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा की चेक परत करा, कर्ज घ्यायचं नाही, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो. नुसतं स्टॉप पेमेंट केलं म्हणजे चेक बाउन्सची केस होणारच नाही असं नसतं, म्हणून सोबत पोलिसातला अर्जही लागतो, त्याचं खाली सांगते. त्याचे जुने मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, ९,५०० चा स्क्रीनशॉट काही डिलीट करू नका, मिस्टर रागाने नंबर ब्लॉक करतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, यूआयडीएआयच्या ॲपवर होतं, फुकट आहे. ओटीपी दिला होता का ते मिस्टरांना नीट विचारा. आणि सिबिल रिपोर्ट काढा, कारण तुमच्या कागदांवर दुसऱ्याच कुठल्या ॲपवरून कर्ज उचललंय का ते तिथेच कळतं. आपल्याकडे लोकांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आणि प्रत्येकीने वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यासाठी सायबर कॅफेवाल्याला पैसे द्यायची गरज नाही, भावाला सांगा तो मोबाईलवर काढून देईल.

तक्रार कुठे करायची हे वर सांगितलेल्या चौकशीत काय निघतं त्यावर आहे. दोन रस्ते आहेत आणि लोक इथेच गोंधळतात. कंपनी खरी निघाली आणि हा त्यांचाच डीएसए निघाला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, ९,५०० आणि चेक परत मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे, म्हणजे ओम्बड्समनकडे, सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, अडलं तर १४४४८ वर फोन करून विचारता येतं. तुम्ही थेट लोकपालाकडे गेलात तर ते परत पाठवतील, आधी कंपनीकडे जाऊन आल्याचा पुरावा लागतो.

पण कंपनी म्हणाली की आमचा याच्याशी काही संबंध नाही, किंवा कंपनीच अस्तित्वात नाही, तर लोकपाल काही करू शकत नाही, कारण त्याचा अधिकार बँका आणि कंपन्यांवर आहे, रस्त्यावरच्या माणसावर नाही. मग ती सरळ फसवणूक, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. १९३० ला फोन करा आणि सायबर क्राइमच्या पोर्टलवर नोंदवा, पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, अर्जात चेकचे तीन नंबर आवर्जून लिहा. शक्यतो यात दिवस घालवू नका, पैसे पुढच्या खात्यात सरकले की परत मिळणं अवघड होत जातं. आरबीआयचं सचेत नावाचं पोर्टल पण आहे तिथे अशा माणसांची माहिती देता येते. ९,५०० परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही, पण अर्ज दिलेला असला की ते चेक वापरायची त्याची हिंमत कमी होते आणि वापरलेच तर तुमच्या हातात आधीच्या तारखेचा कागद असतो.

आता मूळ गरज तशीच राहते ना, मशीन तर घ्यायचंच आहे. मला या सगळ्यात बँकेच्या त्या साहेबांचा जास्त राग आला. तोंडी "होणार नाही" म्हणून माणसाला परत पाठवायचं आणि मग तो माणूस एजंटच्या दारात जातो, हे रोज होतं. कर्जाचा अर्ज नाकारला तर बँकेने कारण लेखी कळवायचं असतं, हा आरबीआयचाच नियम आहे. पण त्यासाठी अर्ज मुळात लेखी द्यायला लागतो आणि पोचपावती घ्यायला लागते. छोट्या उद्योगाच्या २५ लाखांपर्यंतच्या अर्जावर १४ कामाच्या दिवसांत निर्णय द्यायचा असंही बँकांना सांगितलेलं आहे. तुम्ही अर्ज दिलाच नव्हता असं पत्रावरून वाटतंय.

तर आधी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करा नसेल तर, ते पूर्ण फुकट आहे, सरकारच्या वेबसाइटवर स्वतः होतं, यासाठी पण हजार-दीड हजार मागणारे फिरत असतात, देऊ नका. मग सिबिल रिपोर्ट नीट वाचा, स्कोअर का कमी आहे ते त्यात असतं, कधी फेडलेलं जुनं कर्ज बंद दाखवलेलं नसतं, कधी दुसऱ्याचं खातं चिकटलेलं असतं. चूक असेल तर तक्रार टाका, ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आता आहे. खरंच हप्ते थकले असतील तर ते आधी भरा, याला दुसरा रस्ता नाही, आणि "सिबिल वाढवून देतो" म्हणणाऱ्या कुणालाही एक रुपया देऊ नका.

तुमचे ८ लाख मुद्रा योजनेत बसतात, तरुण गटात ५ ते १० लाख आहे, तारण लागत नाही. मुद्राने स्वतः जाहीर केलंय की आमचे कुणीही एजंट नाहीत. सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो किंवा ज्या बँकेत शॉपचं करंट खातं आहे तिथेच लेखी द्या, सोबत मशीनचं कोटेशन, खात्याचं स्टेटमेंट, जीएसटी असेल तर रिटर्न, हातातल्या ऑर्डरींचे कागद. मंजूर होईलच याची खात्री मी देत नाही, स्कोअर कमी असला तर कदाचित ५ लाखच देतील, पण मग मशीन आधी आणि लोखंड नंतर असं करता येईल का ते दोघं बसून बघा. साताऱ्याला जिल्हा उद्योग केंद्र आहे तिथेही एक चक्कर मारा, कुठली योजना चालू आहे ते तिथे विचारायला पैसे पडत नाहीत.

आता भाऊ. त्याला नाही म्हणू नका. लोन एजंट म्हणजे सगळे चोर असं अजिबात नाही, मी बँकेच्या लोन डिपार्टमेंटला असताना असे डीएसए बघितलेत जे शेतकऱ्याच्या पोराची फाईल स्वतः चार वेळा दुरुस्त करून आणायचे आणि त्याच्याकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. कागद कसे लावायचे हे माहीत नसलेल्या माणसाला असा माणूस लागतो. पण लायसन्स लागत नाही म्हणून उद्या बोर्ड लावून बसायचं असं त्याने करू नये. आधी एखाद्या बँकेशी किंवा एनबीएफसीशी लेखी एग्रीमेंट करून डीएसए कोड घ्यायचा, तो कोड आणि कंपनीचं नाव ऑफिसात दिसेल असं लावायचं, ग्राहकाकडून एक पैसा घ्यायचा नाही, कोरे चेक कधीच नाहीत, आणि लोकांचे आधार-पॅन स्वतःच्या मोबाईलच्या गॅलरीत साठवून ठेवायचे नाहीत.

आणि एक गोष्ट त्याला आत्ताच सांगून ठेवा. कमिशन कर्जाच्या रकमेवर मिळतं, म्हणजे पाच लाखांची गरज असलेल्याला आठ लाख घ्यायला लावलं तर एजंटचा फायदा, आणि जी कंपनी जास्त कमिशन देते तिचं व्याज बऱ्याचदा जास्त असतं. आपल्याकडे अजून कुठला कायदा त्याला अडवणार नाही, त्यालाच ठरवायला लागेल. त्याने सुरुवात तुमच्याच फाईलपासून करावी, मिस्टरांसोबत बसून सिबिल रिपोर्ट काढायचा, मुद्राचा अर्ज भरायचा, बँकेत पोचपावती घ्यायची. महिनाभरात त्याला हा धंदा झेपतो का तेही कळेल आणि तुमचं कामही मार्गी लागेल. चेकचं मात्र उद्याच करा, आणि बँकेतून आल्यावर मला दोन ओळी लिहून कळवा.